उत्तरकाळाचे मोल

डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २९ कोटी ३० लाख रुपयांस विकले गेले. आधुनिक भारतीय चित्रास लिलावात मिळालेली ती तोपर्यंतची सर्वांत मोठी रक्कम होती. ही वार्ता अमरावती-अकोल्याच्या पेढ्यांवरही चवीने चर्चिली गेली. परंतु चर्चा झाली ती आकड्याची. चित्र १९९५ सालचे, म्हणजे चित्रकाराच्या सत्तरीतले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ताळेबंदात यंत्राची किंमत दरवर्षी घसाऱ्याने उतरते. कलावंताच्या हातालाही आपण नकळत तोच हिशेब लावतो. (साठीनंतर गादी सोडलेल्या वडीलधाऱ्यांची उलाढाल शून्य धरणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत.) गायतोंडे यांच्याबाबतीत त्या हिशेबाला आधारही होता. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे. जे. मधून शिकलेला हा चित्रकार साठ-सत्तरच्या दशकांत कीर्तीच्या शिखरावर पोहोचला; १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ साली दिल्लीत झालेल्या अपघाताने शरीर दुबळे झाले आणि मोठ्या कॅनव्हासचे काम काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली. पुढे ते पुन्हा तैलरंगांकडे वळले, पण चित्रे मोजकीच झाली.

व्यापारी मन याचा उलगडा चटकन करील: आवक घटली, भाव चढला. अकोल्याच्या बाजारात तुरीचे जे होते तेच येथे झाले. हे अर्धसत्य आहे. गायतोंडे यांची आवक भरभराटीच्या काळातही अल्पच होती. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे. रंगाचा थर रोलरने पसरावा, सुरीने खरवडावा, कागद दाबून उचलावा, वाळू द्यावा, आणि मग पुढचा थर. मधल्या वेळात बराच काळ नुसते बसून राहावे. झेन विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. सामायिकात बसणाऱ्या श्रावकास ही बैठक परकी वाटणार नाही.

मागणी वाढत असताना जुन्या यशस्वी चित्रांच्या आवृत्त्या काढणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. उत्तरकाळातील चित्रांचे मोल या संयमात आहे. नागपूरच्याच कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा हे थोरच. पण त्यांच्या अखेरच्या वर्षांतील बिंदूंच्या विपुल चित्रांविषयी असे निःशंकपणे म्हणता येत नाही. तेथे आकृती तीच राहिली आणि शोध मंदावला.

भावाच्या भरवशावर हा निवाडा करू नये, हेही तितकेच खरे. सप्टेंबर २०२५ मध्ये गायतोंडे यांचे चित्र ६७ कोटींवर गेले, ते १९७० सालचे! उच्चांक पुन्हा मधल्या काळाकडे परतला. म्हणून १९९५ च्या चित्रातील एक थरही कमी झाला नाही. आता व्यापारी घराण्यांतील तरुण गुंतवणूक म्हणून चित्रे घेऊ लागले आहेत. त्यांनी मालकीची साखळी आणि कागदपत्रे जरूर तपासावीत, परंतु चित्रावरील साल पाहून घसारा लावू नये.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. सध्या कोणती मांडली आहेत हे आधी विचारून घ्यावे. रात्रीच्या अंबा एक्स्प्रेसने मालखरेदीस जाणाऱ्यांना ते ठिकाण स्थानकापासून दूर नाही. एका चित्रासमोर पंधरा मिनिटे तरी उभे राहावे. थर उलगडायला तेवढा वेळ लागतोच.