‘आमच्याकडे होतेच!’

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, आमच्या घरी फराळाला चारदोन मंडळी जमली होती. माझी आठवीतली पुतणी मध्येच म्हणाली, “काका, विश्व सुरू झाले म्हणतात, मग त्याच्या आधी काय होते?” प्रश्न मला होता, उत्तर दिले शेजारी बसलेल्या एका विद्वान स्नेह्यांनी. हातातली चकली खाली न ठेवता ते म्हणाले, “अगं, हे सारे आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते. पाश्चात्त्यांना आत्ता कुठे कळते आहे.” मंडळींनी माना डोलावल्या. पोरगी गप्प झाली. तिने विचारले काय आणि तिला सांगितले काय! विश्वाच्या आधी काय होते हे तिला कळले नाहीच. ते म्हणे कुणाला आधी कळले होते, एवढेच कळले.

सणाच्या दिवशी पाहुण्याशी वाद घालू नये म्हणून मी तेव्हा बोललो नाही. त्या भिडेचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

स्नेह्यांचा सर्वांत बळकट पुरावा आधी घेऊ. कलियुगाची वर्षे ४,३२,०००. त्याच्या दहापट चतुर्युग. त्याच्या हजारपट ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे ४३२ कोटी वर्षे. आणि आजचे विज्ञान पृथ्वीचे वय सांगते सुमारे ४५४ कोटी! हे साम्य ऐकून कुणाचीही छाती फुगावी. पण जरा थांबा. घरोघरी पूजेला बसताना आपण जो संकल्प सोडतो, त्याच्याच हिशेबाने हा दिवस अजून संपलेला नाही. सहा मन्वंतरे गेली, सातव्यातले अठ्ठाविसावे कलियुग चालू आहे. बेरीज केली तर या कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे झालेली आहेत. म्हणजे संकल्प खरा धरावा तर पृथ्वी कल्पाहून दुपटीपेक्षा अधिक म्हातारी ठरते, आणि विश्वाच्या १३८० कोटी वर्षांशी तर यातला कोणताच आकडा जुळत नाही. ज्यांना ४३२ आठवतात, त्यांना १९७ कसे आठवत नाहीत? तीरासभोवती मागाहून वर्तुळ काढून नेमबाजीचे बक्षीस मागण्यातला हा प्रकार आहे.

दुसरे असे की, ‘आमच्याकडे होते’ यातले ‘आमच्याकडे’ म्हणजे नेमके कुणाकडे? मीमांसक म्हणत, जग असेच चालत आले आहे, त्याला उत्पत्ती नाही आणि प्रलयही नाही. नैयायिक म्हणत, घटाला जसा कुंभार तसा जगाला कर्ता असलाच पाहिजे. जैनांच्या मते विश्व कुणी निर्माण केलेले नाही. बुद्धाने तर हा प्रश्न अनुत्तरितच ठेवला. आपली परंपरा म्हणजे एक तयार उत्तर नव्हे. ते शतकानुशतके चाललेले खडाजंगी भांडण आहे. त्या भांडणात सर्वच मते आहेत, म्हणून उद्या विज्ञान काहीही म्हणाले तरी ‘होतेच’ म्हणायला आपण मोकळे! पण जे कशाशीही जुळते, त्याने काहीच आधी सांगितलेले नसते.

आता विज्ञानाच्या घरी डोकावू. १९२९ साली एडविन हबल याने दाखवले की, दीर्घिका जितक्या दूर तितक्या वेगाने आपल्यापासून लांब जात आहेत. जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूने १९२७ सालीच आइनस्टाइनच्या समीकरणांवरून विश्व प्रसरण पावते असे मांडले होते. धर्मगुरू असूनही त्याने बायबलात आकडा शोधला नाही, हे आपण लक्षात घ्यावे. पुढे १९६४ साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात एक अखंड खरखर येऊ लागली. आत कबुतरांनी घाण केली होती, तीही त्यांनी साफ केली, खरखर थांबेना. ती निघाली विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना सुटलेल्या प्रकाशाची. आज तो प्रकाश निवून केवल शून्यावर पावणेतीन अंशांपाशी आला आहे. त्याचे सुमारे चारशे कण आपल्या दिवाणखान्यातल्या प्रत्येक घन सेंटिमीटरात, अनारशांच्या ताटावरसुद्धा, या क्षणी आहेत. स्नेह्यांनी हे सांगितले असते तर पोरगी रात्रभर झोपली नसती!

मात्र विज्ञानाचीही पोथी करू नका. ‘एक मोठा स्फोट झाला’ हे वाक्य पाठ करणारा विद्यार्थी आणि ‘वेदांत होते’ म्हणणारे काका यांच्यात फारसे अंतर नाही. हा फटाक्यासारखा, रिकाम्या जागेत झालेला बार नव्हे. इथे जागाच ताणली जात आहे. ‘बिग बँग’ हे नाव १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात दिले ते फ्रेड हॉएल यांनी, आणि त्यांना तो सिद्धांत मुळीच मान्य नव्हता.

त्याच हॉएल यांचे शिष्य आणि सहकारी आपले जयंत नारळीकर. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला, केंब्रिजला गाजलेला हा मराठी माणूस २०२५ साली पुण्यात निवर्तला. महास्फोटाच्या सिद्धांताला त्याने आयुष्यभर विरोध केला. जगातल्या बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्याचे मत स्वीकारले नाही, आणि पुरावा पाहता ते योग्यच होते असे मला वाटते. तरीही माझ्या लेखी तो मोठा आहे. त्याने आपला सिद्धांत पोथीच्या आड ठेवला नाही. निरीक्षणांचे घाव बसतील अशा उघड्यावर मांडला. चुकण्याची जोखीम घेणे हीच ज्ञानाची फी आहे. आपण ती भरत नाही आणि पदवी मात्र मागतो.

आणि सारे कळले आहे असे थोडेच आहे? आपल्याला ओळखीचे द्रव्य विश्वात जेमतेम पाच टक्के. सुमारे सत्तावीस टक्के अदृश्य द्रव्य, अडुसष्ट टक्के अदृश्य ऊर्जा; ती म्हणजे काय, कुणालाच ठाऊक नाही. विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढते आहे हे १९९८ साली कळले. तेच खरे राहिले तर दूरच्या दीर्घिका दिसेनाशा होतील, तारे विझतील, थंड अंधार उरेल. पण ती ऊर्जाच क्षीण होत असावी, अशी चाहूल २०२४ आणि २०२५ सालच्या निरीक्षणांत लागली आहे. निकाल बाकी आहे. प्रसरणाचा वेगही एका रीतीने ६७ भरतो, दुसऱ्या रीतीने ७३.

म्हणून स्नेह्यांना माझे जाहीर आव्हान आहे. पोथी उघडा आणि आजच सांगा: ६७ की ७३? उत्तर लखोट्यात बंद करून घरातल्या देवाजवळ ठेवू. शास्त्रज्ञांचा निकाल लागला की फोडू. बरोबर निघाले तर भर सभेत तुमच्या पाया पडेन. पण निकाल लागल्यावर लखोटा आणू नका!

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त स्नेही नेहमी पुढे करतात. ते त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. तो कवी सृष्टीचा उगम विचारतो, आणि वर बसलेल्या अध्यक्षालाही तो ठाऊक असेल की नसेल, अशा शंकेवर थांबतो. त्याने प्रश्न उघडा ठेवला. आपण त्याच्या नावावर उत्तर खपवतो. यात त्या कवीचा गौरव आहे की अपमान?

या दिवाळीत तुमच्या घरी एखादी पोर असे काही विचारील. ठाऊक असेल तेवढे सांगा. नसेल तर “मला ठाऊक नाही, आपण शोधू” एवढे म्हणा. नासदीय सूक्ताच्या कवीचे वंशज म्हणून तेच आपल्याला शोभेल.