छिन्नमनस्कता आणि वाढते वजन : गोळीपलीकडच्या उपचारांची गरज

बंगळुरू - छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या आजारावर नियमित औषधे घेतल्यास भास व संशय यांसारखी लक्षणे बऱ्याच रुग्णांमध्ये आटोक्यात येतात. मात्र ओलान्झापिन व क्लोझापिन यांसारख्या प्रभावी औषधांमुळे भूक वाढते आणि अनेकांचे वजन काही महिन्यांतच झपाट्याने वाढते. त्यातून मधुमेह व हृदयविकार बळावतात. गंभीर मानसिक आजार असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. यातील बहुतेक मृत्यूंचे कारण शारीरिक व्याधी हेच असते.

वजन वाढले म्हणून रुग्णाने परस्पर गोळ्या बंद केल्या, तर आजार पुन्हा उफाळण्याचा धोका असतो. म्हणूनच औषध चालू ठेवून आहार, व्यायाम व दैनंदिन सवयींत बदल घडवून आणणारे वर्तनोपचार महत्त्वाचे ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्यांची शिफारस आहे.

हे उपचार कितपत उपयोगी पडतात? अमेरिकेतील मेरीलँड राज्यात गंभीर मानसिक आजाराच्या २९१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सामूहिक व्यायाम आणि आहारविषयक समुपदेशन दीड वर्ष दिल्यानंतर या गटाचे वजन तुलना गटापेक्षा सरासरी ३.२ किलोने अधिक घटले. याउलट ब्रिटनमध्ये ४१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मोजकी सत्रे व अधूनमधून पाठपुरावा एवढ्यावर भागविण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेरीस दोन्ही गटांत फरक आढळला नाही. उपदेशापेक्षा सातत्य महत्त्वाचे, हाच याचा अर्थ.

भारतात या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था म्हणजे बंगळुरूची निम्हान्स. तेथील रुग्णांवर योगोपचारांचा अभ्यास झाला असून, औषधांच्या जोडीला योगासने दिल्यास उदासीनता, निरुत्साह यांसारख्या लक्षणांत सुधारणा होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. वजनाचा प्रश्न वेगळा असला, तरी हे रुग्ण शिस्तीने शारीरिक हालचाल करू शकतात, हे यातून स्पष्ट होते.

भारतातील परिस्थितीची एक जमेची बाजूही आहे. येथील बहुसंख्य रुग्ण कुटुंबात राहतात. त्यामुळे ताटात काय वाढायचे, चहात साखर किती घालायची आणि संध्याकाळी फिरायला सोबत कोणी जायचे, हे घरातच ठरू शकते. समुपदेशनात आई, पत्नी किंवा भावाला सामील करून घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

अडचण आहे ती मनुष्यबळाची. निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मनोविकृतीच्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचलेले नव्हते. जेथे गोळीच पोहोचत नाही, तेथे आहारतज्ज्ञ कोठून येणार, असा प्रश्न रास्त आहे. तथापि वजनकाटा, कंबर मोजण्याची फीत आणि रक्तशर्करेची तपासणी यांना मोठा खर्च लागत नाही. १९९६ पासून राबविल्या जाणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक भेटीला वजनाची नोंद सक्तीची केली, तरी सुरुवात होऊ शकेल.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने मानसिक व शारीरिक आजारांच्या रुग्णांना समान वागणुकीचा हक्क दिला आहे. मन सावरत असताना शरीराची हेळसांड होणार नाही, हे पाहणे याच हक्काचा भाग आहे.