आठ तास, ऐंशी किलोमीटर

मुंबईत गाड्या पुरवणाऱ्या कुणाचेही दरपत्रक उघडा, पहिली ओळ तीच : आठ तास, ऐंशी किलोमीटर. त्यापुढच्या तासाचा आणि किलोमीटरचा दर वेगळा, टोल-पार्किंग वेगळे, उशीर झाला तर चालकाचा रात्रभत्ता वेगळा. आपल्या व्यवसायात पाहुण्याचा मुंबईतला दिवस या एका ओळीवर बेतला जातो. पण गेटवे, काळा घोडा, हुतात्मा चौक, सीएसएमटी, क्रॉफर्ड मार्केट हा सगळा टापू या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम तीन किलोमीटरचा. त्याला मणिभवन, मलबार हिल आणि धोबीघाट जोडले तरी ऐंशीपैकी पंचवीस किलोमीटर संपत नाहीत. बाकी सगळे ताटकळणे. पाहुणे खाली उतरतात, गाडी थांबवायला जागा नसते, चालक रिगलच्या चौकाला फेऱ्या मारत राहतो आणि पाहुणे उन्हात उभे राहून त्याला फोन लावतात. संध्याकाळी हॉटेलवर पोहोचल्यावर त्यांच्या बोलण्यात असते ती पेडर रोडवरची कोंडी.

हे आपल्याला ठाऊक नाही, असे कुणी म्हणू नये. गाडीच्या बिलात आपला टक्का असतो, मेट्रोच्या तिकिटात नसतो. कारण इतके साधे आहे, आणि ते उघडपणे बोलल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेट्रो-३च्या आचार्य अत्रे चौक ते कफ परेड या शेवटच्या टप्प्याचे उद्‌घाटन झाले. आरे ते कफ परेड साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्थानके, साधारण तासाभराचा प्रवास, तिकीट १० ते ७० रुपये. हे आकडे वर्तमानपत्रांत येऊन गेले. आपल्या कामाची गोष्ट स्थानकांच्या यादीत आहे : विमानतळाची दोन्ही टर्मिनले, वांद्रे-कुर्ला संकुल, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. विमानतळाच्या दारात रूळ याआधी कधी आले नव्हते. अंधेरीच्या हॉटेलात उतरलेला पाहुणा मरोळ नाक्याला मेट्रो-१ सोडून मेट्रो-३मध्ये बसला की थेट फोर्टात निघतो. सकाळी नऊ वाजता हेच अंतर मोटारीने किती वेळात होईल, हे आपल्यापैकी कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि पाहुण्याला आपण सांगतो तो आकडा नेहमी आशावादी असतो.

हुतात्मा चौकाला उतरले की काळा घोडा, जहांगीर आणि वस्तुसंग्रहालय पायाखाली. गेटवेही रमतगमत पंधरा-वीस मिनिटांवर. चर्चगेटला उतरले की समोर ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेला तो हाच परिसर, आणि तो चालणाऱ्यालाच दिसतो. गाडीच्या खिडकीतून राजाबाई टॉवरचा फक्त बुंधा दिसतो.

मात्र नकाशा बघून स्थानकाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत टाकले म्हणजे काम झाले असे नाही. महालक्ष्मी स्थानक धोबीघाटाला लागून आहे. महालक्ष्मीचे देऊळ समुद्राच्या बाजूला, तिथून टॅक्सी करावी लागते. ‘मुंबई सेंट्रल’ मध्य रेल्वेवर नसून पश्चिम रेल्वेवर आहे. वांद्रे टर्मिनस म्हणजे वांद्रे लोकल स्थानक नव्हे. दादरला डिसेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ असे नव्याने मोजले गेले, तरी काही कार्यक्रमपत्रिकांत जुनेच आकडे फिरतात. आता विमानतळही दोन झाले. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५पासून विमाने उडू लागली, तेव्हा व्हाउचर तयार करताना तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हे पाहिलेच पाहिजे. तिथे उतरून दक्षिण मुंबईत येणाऱ्याला अटल सेतू जवळचा. मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये, तो दरात आधीच धरावा. शेवटी हातात पावती ठेवली की पाहुणा बिथरतो.

गाडी नकोच, असे आम्ही म्हणत नाही. मेट्रो-३ रात्री साडेदहापर्यंतच. परदेशी विमाने मोठ्या संख्येने मध्यरात्रीनंतर उतरतात, त्या पाहुण्याला प्रीपेड टॅक्सी किंवा आपली गाडीच हवी. दोन मोठ्या बॅगा, सोबत आजी, गुडघ्याचे दुखणे, दुपारी एक भेट पवईत आणि संध्याकाळी दुसरी वरळीत, अशा दिवशी गाडी आठ तास घ्या, दहा तास घ्या. तुटक प्रवासाला काळी-पिवळी आहेच. फेब्रुवारी २०२५पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ आणि रिक्षाचे २६ रुपये, मध्यरात्र ते पहाटे पाच सव्वापट. रिक्षा माहीम-शीवच्या दक्षिणेला येत नाही, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही, पण सांगलीहून आलेल्या कुटुंबाला सांगावे लागते. नाहीतर ते वांद्र्याला रिक्षा करून ‘गेटवे’ म्हणतात आणि वाद घालत बसतात.

आता लोकलबद्दल. तिच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके आहेत. काही जण पाहुण्याला लोकलच्या वाऱ्यालाही उभे करत नाहीत. काही जण मुद्दाम गर्दीच्या वेळी नेतात, कारण परदेशी पाहुण्यांना ‘खरी मुंबई’ दाखवायची असते. हा दुसरा प्रकार बंद व्हायला हवा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले. ज्या दारात माणसे नाइलाजाने लटकतात तिथे कॅमेरा घेऊन उभे राहणे हा प्रेक्षणीय कार्यक्रम नव्हे, आणि त्या डब्यात आपला सहा जणांचा गट शिरला म्हणजे कामावर निघालेल्या सहा जणांची जागा जाते. अकरा ते चार या वेळेत, चर्चगेट किंवा सीएसएमटीहून सुटणारी गाडी धरून, फर्स्ट क्लास किंवा एसीचे तिकीट काढून न्या; लोकल तेव्हाही लोकलच असते. फर्स्ट क्लासचा डबा तिरप्या लाल-पिवळ्या पट्ट्यांवरून ओळखायला शिकवा, सेकंडच्या तिकिटावर चुकून चढलेल्या पाहुण्याचा दंड शेवटी आपल्याच माथी येतो. बोरिवलीला उतरायचे असेल तर विरार फास्ट टाळा, विशेषतः संध्याकाळी. कारण विचारू नका, बोरिवलीकरांना विचारा. रविवारचा कार्यक्रम आखताना मेगाब्लॉकची बातमी आदल्या दिवशी वाचा. रेल्वेचे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट अनेक वर्षे उपलब्ध आहे, पण हॉटेलच्या डेस्कवर त्याचे नाव क्वचित ऐकू येते.

आपल्या माहितीपत्रकांबद्दलही थोडे. लाल डिझेल डबल-डेकर १५ सप्टेंबर २०२३ला शेवटची धावली. उघड्या टपाची पर्यटक बस त्याच ऑक्टोबरात बंद झाली. ३० ऑक्टोबरपासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. दीड महिन्यात तिन्ही संपल्या, पण छापील मुंबईत त्या अजून धावत आहेत. डबल-डेकरचे चित्र पाहून आलेल्या पाहुण्याला सीएसएमटी ते एनसीपीए धावणाऱ्या विजेवरच्या वातानुकूलित डबल-डेकरमध्ये बसवा. मे २०२५च्या वाढीनंतर बेस्टचे एसीचे किमान भाडे १२ रुपये आहे. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी मिळाली तर एवढ्या पैशांत शहरात दुसरे काही इतके चांगले दिसत नाही. मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली होती. शताब्दीचे निमित्त धरून याच भागात बसफेरी आखायला कुणाची परवानगी लागत नाही.

समुद्राचे वेळापत्रक वेगळे चालते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात थांबतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, तीही हवामान पाहून. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर तरी लाइफ जॅकेट पाहुण्याच्या अंगावर घातल्याशिवाय बोट सुटू देऊ नये, मग तो कितीही कुरकुरो. आणि पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. ती यादी ऑफिसच्या भिंतीवर हवी. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की हिंदमाता, मिलन सबवे आणि शीवला काय होते, हे कार्यक्रम आखणाऱ्याने विसरून चालत नाही.

‘पाहुणा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस येतो. परळला टाटा रुग्णालयात तपासणीसाठी आलेले कुटुंब, मंत्रालयात फाइल घेऊन आलेला सरपंच, बीकेसीत अमेरिकेच्या व्हिसासाठी पहाटेपासून हजर झालेले नाशिकचे आईवडील हेही मुंबईचे पाहुणेच. त्यांना आठ तासांची गाडी परवडत नाही म्हणून ते आपल्याकडे येतच नाहीत. बीकेसी आणि विधान भवन ही दोन स्थानके प्रामुख्याने त्यांच्या कामाची आहेत. दादरच्या एखाद्या स्वच्छ लॉजमधली खोली, मेट्रो-लोकलचा नीट लिहिलेला मार्ग आणि अडल्यास उचलला जाणारा एक फोन नंबर एवढे देऊन माफक पैसे घ्यायला काय हरकत आहे? ‘मुंबई वन’ या अॅपवर आता अकरा वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र मिळतात, पण ते अॅप वडीलधाऱ्या माणसाच्या फोनवर उतरवून देण्याचे काम कुणीतरी करावेच लागते.

टक्क्याचे उत्तरही इथेच आहे. गाडीच्या बिलात कमाई लपवण्याऐवजी दरपत्रकात ‘नियोजन आणि सोबत’ अशी वेगळी ओळ घाला. मार्ग आखणे, तिकिटे, परवानाधारक गाइड, गरज पडेल तिथे दोन तासांची गाडी, अडचणीला धावून येणारा माणूस, या सगळ्याचा मिळून एक उघड दर. पाहुण्याचा एकूण खर्च कमी होऊ शकतो आणि आपल्या हाती उरणारे कमी होण्याचे कारण नाही, कारण डिझेल आणि पार्किंगवर जाणारा पैसा वाचतो. गाडीवाल्यांनाही हे पटेल, कारण एक गाडी दिवसभर रिगलला फिरत ठेवण्यापेक्षा दोन तासांच्या तीन फेऱ्या त्यांना बऱ्या पडतात.

पुढच्या हंगामाचे दरपत्रक छापायला देण्याआधी ही ओळ त्यात वाढवा. ज्यांनी आधीच वाढवली आहे, त्यांनी दर किती ठेवला ते आम्हाला कळवावे. आलेले दर पुढच्या अंकात छापू.