दुकानाची पट्टी आणि गावची भाकरी

गावात एक दुकान उघडले की मालकाबरोबर आणखी दोघा-तिघांच्या घरची चूल पेटते. म्हणून दुकानाची घरपट्टी हा एकट्या दुकानदाराचा प्रश्न नसतो. गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे ठिकाण. डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये येथे मौनी विद्यापीठ उभे राहिले आणि खेड्यातल्या मुलांना ग्रामीण अभियांत्रिकीचे शिक्षण गावातच मिळू लागले. पण शिकून तयार झालेल्या मुलाने वर्कशॉप काढायचे कुठे? गावात की पुण्यात?

ग्रामपंचायतींच्या हद्दीतील इमारतींवर भांडवली मूल्यानुसार कर आकारण्याचे नियम राज्य शासनाने डिसेंबर 2015 मध्ये केले. त्यात निवासी वापराचा भारांक 1, औद्योगिक वापराचा 1.20 आणि व्यापारी वापराचा 1.25 धरला आहे. म्हणजे राहत्या घराच्या इमारतीपोटी 1,000 रुपये कर बसत असेल, तर तिथेच दुकान थाटताच तो 1,250 होतो. या अडीचशे रुपयांनी कोणाची नोकरी जाते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. दुखणे वेगळेच आहे. ही पट्टी भिंती मोजते, माणसे मोजत नाही. पाच कारागिरांना काम देणारी शेड आणि कुलूपबंद गोदाम तिला सारखेच. 2020 च्या टाळेबंदीत गल्ला रिकामा होता, म्हणून घरपट्टी आपसूक कमी झाली नाही. भाडे आणि वीजबिल यांच्या जोडीला असा ठरीव खर्च आला, की मालक आधी हात आखडतो तो नवा पोऱ्या कामावर ठेवताना.

मग पट्टी माफच करावी का? मुळीच नाही. नळाला पाणी सोडणारा आणि रस्ता झाडणारा, यांचा पगार वसुलीवरच बराचसा अवलंबून असतो. तोही रोजगारच. शिवाय दिवे नाहीत, गटारे तुंबलेली, अशा पेठेत गिऱ्हाईक तरी कशाला फिरकेल?

तेव्हा वाद कर असावा की नसावा हा नसून, तो कसा असावा हा आहे. कारखान्यांशी बोलणी करून कराऐवजी ठोक रक्कम घेण्याची सोय 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. मोठ्यांसाठी वाटाघाटीची वाट असेल, तर माणसे कामाला ठेवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला पहिली दोन-तीन वर्षे सवलत देण्याची तरतूद शासनाने का करू नये? आणि व्यापाऱ्यांच्या पट्टीतून पेठेत काय झाले, याचा हिशेब ग्रामसभेत मांडावा. पट्टी भरणाऱ्याला तिचे फळ दिसले, तर तो कुरकुरणार नाही. आणि गावातला मुलगा पुण्याची एस.टी. पकडण्याआधी एकदा तरी गावातल्या गाळ्याची चौकशी करील.