आधी छत, मग गाडी

विजेवर चालणारी गाडी घेतली तर पर्यावरणाचं खरंच भलं होतं का? महावितरणला युनिटमागे जास्तीचे पैसे देऊन 'हरित वीज' मागितली तर कोळसा कमी जळतो का? बुलढाणा, चिखली, खामगावात हे प्रश्न आता चहाच्या टपरीवरही निघतात. कर्ज काढून गाडी घ्यायच्या बेतात असलेला माणूस हे विचारतो, तेव्हा त्याला जाहिरातीतलं उत्तर देऊन चालत नाही. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. दोन्हींचा उपयोग आहे, पण आपण समजतो त्यापेक्षा कमी, आणि त्यालाही अटी आहेत. हाताशी पैसे मोजके असतील तर ते आधी घराच्या छतावर लावा. लांबच्या प्रवासाला एसटी धरा. रोजची धावपळ दुचाकीवर असेल तर पुढची दुचाकी विजेवरची घ्या. चारचाकीचा नंबर या सगळ्यानंतर लागतो.

हे असं का, ते समजायला आपली वीज कुठे तयार होते ते पाहू. शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघालं की पारसची औष्णिक केंद्राची चिमणी दिसते. तिथे महानिर्मितीचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. मलकापूरहून उलट दिशेला गेलं की भुसावळजवळ दीपनगर येतं. तिथे एकेक ५०० मेगावॅटचे मोठे संच आहेत. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातला घाटाखालचा आपला पट्टा दोन औष्णिक केंद्रांच्या मधोमध आहे. एक युनिट वीज तयार करायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. देशात २०२५ मध्ये वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, गॅस आणि तेलाशिवायची झाली, ही मोठी मजल आहे. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि नेमका तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. त्यामुळे देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतला सुमारे पाऊण वाटा आजही कोळशाचाच आहे. देशभरची सरासरी काढली तर ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

म्हणून कुठल्याही 'हिरव्या' गोष्टीवर पैसे टाकण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझ्या या पैशाने कोळसा किंवा तेल नेमकं किती कमी जळणार?

आधी हरित दराकडे वळू. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये ही सोय मंजूर केली. ज्याला आपला सगळा वापर अपारंपरिक विजेचा दाखवायचा आहे, त्याने नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जास्त द्यायचे आणि तसा दाखला घ्यायचा, असा तो मूळ आदेश होता. दर पुढे बदलत राहतात, त्यामुळे आजचा आकडा महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला त्या वेळच्या दराने १३२ रुपये जास्त पडले असते.

दाखला घेतल्याने तुमच्या मीटरमध्ये वेगळी वीज येत नाही. गावच्या टाकीत विहिरीचं पाणी पडतं आणि धरणाचंही. आपल्या नळाला त्यातलं कोणतं आलं हे कोणी सांगू शकत नाही. विजेचंही तसंच आहे. फरक पडतो तो टाकीत नवं स्वच्छ पाणी ओतलं गेलं तरच. आता मुद्दा असा की महावितरणला ठरावीक प्रमाणात अपारंपरिक वीज घ्यावीच लागते, तसं कायद्याचं बंधन आहे. जी वीज ते एरवीही घेणारच होते, तिचा थोडा वाटा तुमच्या नावावर लिहिला गेला, तर हवेला काहीच फायदा झाला नाही. हजारो ग्राहकांनी वर्षानुवर्षं मागणी केली आणि त्यातून बंधनापेक्षा जास्त खरेदी झाली, नवे प्रकल्प उभे राहिले, तर मात्र फायदा आहे. म्हणून साध्या घरगुती ग्राहकाने या दाखल्यामागे लागू नये असं मला वाटतं. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांची गोष्ट वेगळी आहे. परदेशी गिऱ्हाईक दाखला मागत असेल तर त्यांना तो घ्यावा लागेल. पण शेडचं छप्पर मोकळं ठेवून दाखला विकत घेणं योग्य नाही, एवढं त्यांनाही सांगावंसं वाटतं.

आता गाड्यांचा हिशेब. तो ढोबळ आहे, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे.

पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर पेट्रोल लागतं आणि पाच किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेची स्कूटर तेवढ्याच अंतराला तीन-साडेतीन युनिट घेते. तारांमधली गळती धरूनही कोळशाच्या चिमणीतून पावणेतीन किलो निघतो. म्हणजे आपली वीज आज जशी आहे तशी धरली, तरी दुचाकीत जवळपास निम्म्याने बचत होते. ही गोष्ट खरी आहे आणि ती आनंदाने सांगावी.

चारचाकीत हा फरक आटतो. लिटरला १६ किलोमीटर देणारी पेट्रोलची लहान गाडी १०० किलोमीटरला साडेचौदा किलो सोडते. विजेची गाडी त्याच अंतराला १५ ते १७ युनिट खाते, म्हणजे बारा-तेरा किलो. तेल शुद्ध करण्यात आणि टँकरने आणण्यात जळणारं इंधन धरलं तर विजेची बाजू आणखी थोडी वर जाते. पण ३० युनिट साठवणारी बॅटरी तयार करतानाच दोन ते तीन टन कार्बन डायऑक्साइड निघालेला असतो. ग्रिडच्या विजेवर चार्ज करत राहिलं तर तेवढं ऋण फिटायला साठ हजार ते लाखभर किलोमीटर गाडी पळवावी लागते. तीच गाडी भर दुपारी सौर विजेवर चार्ज केली तर वीस हजारांच्या आतच ऋण फिटतं. गाडीचा पर्यावरणाला किती फायदा, हे अशा रीतीने तिच्या चार्जरच्या मागे कोणती वीज आहे यावर ठरतं.

म्हणून वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणारी, लग्नाकार्यापुरती काढायची गाडी बदलून पर्यावरणासाठी विजेची गाडी घेऊ नका. असलेली गाडी नीट राखा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्यांनी, प्रवासी वाहतूक करणाऱ्यांनी, माल पोचवणाऱ्या लहान टेम्पोवाल्यांनी मात्र विजेचा विचार जरूर करावा. त्यांचं ऋण लवकर फिटतं आणि खिशालाही लवकर आराम पडतो. शिवाय बाजारपेठेत, शाळेच्या फाटकासमोर धूर येत नाही. रस्त्यालगतच्या दुकानदाराला आणि शाळकरी पोरांना हा फायदा पहिल्या दिवसापासून मिळतो.

आपल्या भागात एक गंमतशीर खरी गोष्ट पाहता येते. बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाट उतरावा लागतो. पेट्रोलची गाडी तिथे ब्रेक तापवत उतरते. विजेच्या गाडीत उतारावर मोटर उलटी जनित्राचं काम करते आणि बॅटरीत थोडी वीज परत भरते. परतीला चढावर ती त्याहून जास्त खर्च होते, म्हणून जाताना किती टक्के उरले यावर विसंबून परत निघू नका. मे महिन्यात घाटाखाली पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात तापलेली गाडी आल्याआल्या चार्जिंगला लावण्याऐवजी सावलीत जरा निवू द्या. बॅटरी जास्त वर्षं टिकते, आणि टिकलेली बॅटरी म्हणजे न खणलेली एक खाण.

जुन्या बॅटरीचं काय करायचं हेही आधीच ठरवा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. गाडी घेतानाच विक्रेत्याला लेखी विचारा की जुनी बॅटरी कोण नेणार. ई-रिक्षांच्या शिशाच्या बॅटऱ्या तर भंगारात मुळीच देऊ नका. उघड्यावर शिसं वितळवलं की त्याची वाफ आणि माती दोन्ही लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरतात.

आता एसटीकडे. साधी डिझेलची लालपरी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते. १०० किलोमीटरला तिच्या धुरातून पंचावन्न-साठ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडीत चाळीस माणसं असतील तर माणशी दीड किलो पडतो. हा आकडा विजेच्या स्कूटरवर एकट्याने जाणाऱ्यापेक्षा कमी आहे, आणि विजेच्या चारचाकीत एकट्याने बसलेल्यापेक्षा तर आठ पटींनी कमी आहे. महामंडळाची विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर सुरू झाली, ज्या मार्गावर १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली होती. अशा गाड्या मेहकर, चिखली, जळगाव जामोद अशा सगळ्या आगारांत याव्यात ही मागणी आपण जोरात केली पाहिजे. पण त्या येईपर्यंत भरलेली डिझेलची एसटीसुद्धा पर्यावरणाचं काम करतेच आहे. समृद्धी महामार्गावर विजेच्या गाड्यांना टोलमाफी देण्याचं राज्याचं २०२५ चं धोरण आहे, ते ठीकच. त्याहून जास्त गरज आहे ती वेळेवर सुटणाऱ्या, बसायला जागा मिळणाऱ्या एसटीची.

शेवटी छत, कारण पैशाला सगळ्यात जास्त मोल इथेच मिळतं. घरातलं विजेचं बिल काढा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार या रकान्यांकडे आपण लक्ष देतो, पण मागच्या महिन्यांचा वापर दाखवणारा भाग सहसा वाचत नाही. तो वाचा. वर्षाच्या युनिटची बेरीज करा आणि बाराने भागा. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटचं सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. महिन्याला २०० युनिटचा वापर असेल तर २ किलोवॅट पुरे होतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान आहे. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा, नोंदणी असलेल्याच विक्रेत्याकडून काम घ्या, आणि घेतलेली व परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर बसेपर्यंत सगळी रक्कम हातात देऊ नका.

२ किलोवॅटचं हे छत वर्षाला सुमारे २,९०० युनिट देतं, म्हणजे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड टळतो. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी विजेची चारचाकी ग्रिडवर चार्ज केली तर तीनशे ते पाचशे किलो टाळते. खर्च गाडीच्या किमतीचा अगदी लहान हिस्सा, आणि फायदा तिच्या चौपट. ज्यांच्याकडे स्लॅब नाही, टिनाचं छप्पर आहे, त्यांनीही कमी वीज खाणारा पंखा आणि एलईडी दिवा लावून हातभार लावावा. न वापरलेलं युनिट सगळ्यात स्वच्छ.

वेळही पाळा. पाण्याची मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग ही कामं दुपारी उरका. तेव्हा ग्रिडमध्ये सौर वीज असते. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलतही ठेवली आहे. रात्री दहाला गाडी चार्जिंगला लावली की ती मुख्यतः कोळशाच्या विजेवर पळते, हे लक्षात ठेवा.

शेतकरी बंधूंना एक सांगणं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावच्या फीडरला दिवसाची वीज मिळाली तर रात्रीचं ओलीत थांबतं, आणि अंधारात डीपीपाशी, बांधावर साप-विंचवाच्या भीतीत जाणं वाचतं. यासाठी गावाने पडीक जमीन द्यायची तयारी दाखवावी. पण ऊन फुकट आहे म्हणून मोटर दिवसभर सोडू नका. बोअर आटली तर पंप काय उपसणार? ठिबक सोबत असू द्या.

आणि गावकऱ्यांना मागणं एवढंच. येत्या ग्रामसभेत तीन विषय लेखी द्या: शाळा, ग्रामपंचायत आणि पाणीपुरवठ्याच्या मोटरसाठी सौर पॅनेल. कृषी फीडरच्या सौर प्रकल्पासाठी जागा. गावाला वेळेवर एसटीची फेरी, तीही शक्यतो विजेवरची. ठरावाची प्रत तहसील, महावितरण आणि एसटी आगारात पोचवा, पोच घ्या, आणि पुढच्या सभेत काय झालं ते विचारा. ज्याला विजेची गाडी घ्यायची आहे त्याने ती जरूर घ्यावी. मात्र तिच्या चार्जरची तार आधी आपल्या छताला जोडून घ्यावी.