भरलेल्या बाकांचे दुखणे

चेन्नईच्या अण्णा नगरातून एका वाचकाचे पत्र आले आहे. कंपनीने बदली केली म्हणून हे कुटुंब तिकडे राहायला गेले. तमिळ येत नाही, म्हणून घराजवळच्या चर्चमध्ये सकाळच्या इंग्रजी उपासनेला जातात. पत्रात तक्रार अशी नाही, कौतुकच जास्त आहे. उपासना घड्याळाच्या ठोक्याला सुरू होते, कॉयर चार आवाजांत गातो, गाड्या लावून द्यायला स्वयंसेवक उभे असतात, सभागृह लग्नासाठी हवे असेल तर वर्षभर आधी नाव घालावे लागते. शेवटी मात्र त्यांनी सहज लिहून टाकले आहे की इथे देवाकडे मागण्यासारखे कोणाजवळ काही उरलेलेच दिसत नाही.

अण्णा नगर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही आखून वसवलेली वस्ती. १९६८ साली इथे मोठे व्यापारी प्रदर्शन भरले होते; त्या वेळचा विश्वेश्वरय्या मनोरा अजून बागेत उभा आहे. गृहनिर्माण मंडळाने भूखंड पाडले, सरळ अव्हेन्यू काढले, अण्णादुराईंचे नाव दिले. तेव्हा ज्यांनी नोकरीच्या पगारातून प्लॉट घेतले, त्यांची नातवंडे आज मोक्याच्या जमिनीचे मालक आहेत. अशा वस्तीत मंडळी उभी राहते ती बहुधा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतून. सतरंजी, पेटी, आणि पुढच्या महिन्याचे भाडे कुठून यायचे याची प्रार्थना. पुढे जागा मिळते, इमारत होते, मग त्या इमारतीची देखभाल सुरू होते. बरेचदा गाडी तिथेच थांबते. थांबल्याचे कळत नाही, कारण बाक भरलेले असतात.

हे पत्र चेन्नईचे आहे म्हणून आपण पाळकांनी हुश्श करायचे कारण नाही. पुणे, मिरज, नाशिक, अहिल्यानगर, कुठल्याही जुन्या मंडळीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. प्रार्थना, मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे, मग जमाखर्च. जमाखर्चावर दोन तास. पत्र्यांचे काम कोणाला दिले, दफनभूमीच्या कुंपणाचे बिल इतके कसे, मुदत ठेव कुठल्या बँकेत आहे, हंगामाच्या सणाच्या लिलावातली येणी कोणाकडे राहिली आहेत. (बोली चढवून भोपळा घरी नेणाऱ्याचे पैसे पुढच्या सणापर्यंत येत नाहीत, हा अनुभव सगळीकडचा.) मग कमिटीची निवडणूक, आणि ती आटोपली की निम्मी माणसे चपला शोधायला लागतात. पाळकाचा अहवाल सगळ्यांत शेवटी: बाप्तिस्मे इतके, दृढीकरणे इतकी, विवाह इतके, दफनविधी इतके. टाळ्या होतात. दोन सख्खे भाऊ एकाच प्रभुभोजनाला येतात आणि एकमेकांचा उंबरा ओलांडत नाहीत, ही गोष्ट त्यातल्या कुठल्या रकान्यात लिहायची? तसा रकानाच नाही. दक्षिण भारत मंडळीच्या मॉडरेटरपदाच्या निवडणुकीचा वाद मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला, याबद्दल आपण हळहळतो. आपल्याकडचे मिशनच्या जमिनींचे दावे तर बापाकडून मुलाकडे चालत आलेले आहेत.

यावरचा आपला तोडगाही ठरलेला आहे. संजीवन सभा. तीन संध्याकाळ, बाहेरगावचा वक्ता, मांडव, कर्णे, वक्त्याच्या फोटोचा फ्लेक्स. हात वर करणाऱ्यांची मोजदाद होते. चौथ्या दिवशी सकाळी मांडववाला येतो आणि सगळे पूर्ववत होते.

केडगावला १९०५ साली जे घडले त्यात यातले काहीच नव्हते. आपण मुक्ती मिशनचे नाव अभिमानाने घेतो, पण तिथले संजीवन नेमके कसे आले हे तपशिलाने फार कमी वेळा सांगतो. आधी हे ध्यानात घ्या की ती संस्था तेव्हा पडत्या काळात नव्हती. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून पंडिता रमाबाईंनी वाचवून आणलेल्या स्त्रिया आणि मुली मिळून तिथला आकडा दोन हजारांच्या घरात गेला होता. विहिरी, शेती, हातमाग, छापखाना, शाळा, भव्य उपासनामंदिर; बाप्तिस्मेही शेकड्यांनी झालेले. आजच्या कुठल्याही अहवालात ही संस्था पहिल्या पानावर असती. आणि तिची प्रमुखच म्हणत होती की हे पुरेसे नाही.

असे म्हणायला रमाबाईंजवळ स्वतःचा आधार होता. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो १८९१ च्या सुमारास, असे त्यांनी पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत मोकळेपणाने मांडले. मधली आठ वर्षे त्या जगभर नावाजलेल्या ख्रिस्ती होत्या, शारदा सदन काढून बसल्या होत्या. बाहेरून सगळे ठीक असताना आत काय असू शकते हे ज्या बाईला स्वतःवरून कळले होते, ती दोन हजारांच्या आकड्याला भुलणार नव्हती.

ऑस्ट्रेलियातल्या जागृतीची माहिती घ्यायला त्यांनी आपली मुलगी मनोरमाबाई आणि मुक्तीतल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांना तिकडे धाडले होते. वेल्समधली १९०४ ची वार्ता आलेली होती. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना विचारले, माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल? सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा बसू लागल्या. मग रमाबाईंनी पुढचा प्रश्न टाकला: शिक्षण बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्तेला कोण जाईल? तीस जणी उभ्या राहिल्या. २९ जूनच्या पहाटे तीनच्या सुमारास त्या तिसांतल्या एकीला असे काही झाले की शेजारी झोपलेल्या मुलीला ती ज्वाळांत वेढलेली दिसली. ती पोर धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आले की हिच्या अंगाला आग लागलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या; मुली रडू लागल्या, मोठ्याने पापे कबूल करू लागल्या, आणि बाईंना बोलणे थांबवावे लागले.

या प्रसंगाचे वर्णन करणारे सगळे त्या ज्वाळेपाशी थांबतात. साहजिक आहे. मला मात्र त्या आधीचे सहा महिने जास्त मोलाचे वाटतात, आणि नंतरचे एक कलम: वर्ग बंद ठेवले गेले. ज्या बाईने एकेका मुलीचा दिनक्रम घंटेवर बसवला होता, तिने स्वतःचे वेळापत्रक मोडू दिले. भोवतालच्या अनेक मिशनऱ्यांना तो मोठ्या आवाजातला, सगळ्यांनी एकदम करायचा धावा पसंत नव्हता. रमाबाईंनी 'मुक्ती प्रेयर बेल' या आपल्या पत्रकातून त्यांना उत्तर दिले: भारतीय माणसाच्या भक्तीला पाश्चात्त्य शिस्तीचा साचा कशाला हवा? त्या स्वतः शांत स्वभावाच्या होत्या. आपल्याला जे रुचत नाही त्याच्याही बाजूने उभे राहणे, हे कमिटीच्या एका बैठकीत करून पाहा म्हणजे किती अवघड आहे ते कळेल.

कबुलीबद्दल एक सावधगिरीची सूचना. केडगावच्या मुलींनी चोऱ्या सांगितल्या, भांडणे मिटवली. पण त्या एका आवारात, एका आईच्या नजरेखाली राहत होत्या. आज भर उपासनेत एखाद्या बाईने घरातली गोष्ट बोलून दाखवली तर अंतिम आशीर्वाद होईपर्यंत ती तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचते. ज्यांनी अशा सभा भरवल्या आहेत त्यांना मी काय म्हणतो ते ठाऊक आहे. तेव्हा लोकांकडून उघड कबुली काढून घेण्याआधी पाळक, वडील आणि खजिनदार यांनी आपसांत बसावे. आणि पैशापासून सुरुवात करावी, कारण आपल्या मंडळ्यांत निम्मी कटुता तिथेच मुरलेली आहे.

आता नेहमी घेतली जाणारी हरकत: जागृती झाली की मंडळी फुटते. हे खोटे नाही. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. बावीस वर्षे त्यांनी मिशनच्या चौकटीत काढली, कीर्तने केली, भजने रचली, 'ज्ञानोदया'चे संपादन केले. आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात सामावणार होते. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फारसा पुढे सरकला नाही. टिळकांची गीते आपण 'उपासना संगीत'मध्ये घेतली. त्यांनी पगार का सोडला, तो प्रश्न मात्र घेतला नाही.

दुसरे उदाहरण अण्णा नगरापासून फार लांबचे नाही. तिथून शहराच्या दिशेने निघालो की थोड्याच अंतरावर वेपेरी लागते. बख्त सिंग नावाचे पंजाबी शीख घराण्यातले इंजिनियर १९३३ मध्ये परदेशाहून सुवार्तिक होऊन परतले. पंजाबात मार्टिनपूरला १९३७ साली मोठी जागृती झाली. पुढच्या वर्षी ते मद्रासला आले तेव्हा चर्चेस त्यांना बोलावीत, गर्दी लोटे. बदललेली माणसे प्रश्न विचारू लागली तशी दारे मिटत गेली. १९४१ मध्ये ते काही सहकाऱ्यांसह पल्लावरमच्या टेकडीवर रात्रभर प्रार्थनेला बसले, आणि त्याच वर्षी जुलैत वेपेरीला 'यहोवा शम्मा' ही स्वतंत्र मंडळी सुरू झाली. मोठ्या मेळाव्यांत तंबूत राहायचे, जमिनीवर बसून सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचे. कोण कुठल्या जातीचा हे पानावर कळू द्यायचे नाही. जुन्या मंडळ्यांना हे आपल्याच आवारात करता आले असते. ते वेपेरीला, आणि १९५० पासून हैदराबादच्या हेब्रोनला झाले.

तिसरे खुद्द केडगावचे, पण फार लांब उगवलेले. मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये इथल्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत चिलीत असलेल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवली. १९०९ मध्ये वाल्पाराइसोच्या मेथडिस्ट मंडळीत जागृती झाली. वरिष्ठांना ती मानवली नाही, आणि १९१० मध्ये मे यांचे पती विलिस हूव्हर यांना बाहेर पडावे लागले. चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ तिथून सुरू होते. दौंड तालुक्यातल्या रानातून निघालेली एक पुस्तिका कुठे जाऊन पोचली पाहा!

ही सगळी उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. केडगावला कोणी फुटून गेले नाही, कारण तिथे सगळ्यांत वरच्या जागी बसलेली व्यक्ती सगळ्यांत आधी गुडघ्यांवर आली होती. बाकी तिन्ही ठिकाणी जागे झालेले माणूस खालच्या पायरीवर होते आणि वरची पायरी दार धरून उभी होती. तेव्हा फूट पाडते ती जागृती, असे म्हणण्यापूर्वी आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे प्रत्येक पाळकाने आणि बिशपाने तपासावे. आपले तरुण सकाळी आपल्याकडे हजेरी लावतात आणि संध्याकाळी कुठल्या तरी भाड्याच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत गातात. अण्णा नगरात हे आहे, पिंपरीत आहे, वसईतही आहे. त्यांना 'चंचल' म्हणणे सोपे. त्यांनी सकाळी काय मागितले होते आणि आपण काय दिले, हा प्रश्न आपल्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर कधी आला आहे?

लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेले पत्र आपण सगळ्यांनी कधी ना कधी उपदेशाला घेतलेले आहे. ते पत्र मंडळीच्या दूताला लिहिलेले आहे. उपदेश करताना आपण ते समोरच्या बाकांकडे वळवतो.

करायचे काय, असे विचाराल. माझ्याकडे मोठी योजना नाही आणि योजनांवर माझा फारसा विश्वासही उरलेला नाही. येत्या दुःखसहन सप्ताहाला बाहेरचा वक्ता बोलावू नका. त्या पैशात काय करायचे ते कमिटीला ठरवू द्या. पाळकाने तीन-चार माणसे गोळा करावीत, त्यात निदान एक असे असावे ज्याचे आपल्याशी पटत नाही, आणि पावसाळा येईपर्यंत रोज बसावे. फ्लेक्स लावू नये. अहवालात लिहू नये. काही घडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. केडगावच्या सत्तर जणींनाही कोणी दिली नव्हती.

या मासिकाचाही यात वाटा आहे. 'मंडळी-वृत्त' या सदराची निम्मी जागा संजीवन सभांच्या फोटोंनी जाते: शाल, श्रीफळ, वक्ता मध्यभागी. पुढच्या अंकापासून हे फोटो आम्ही छापणार नाही. त्याऐवजी सभा होऊन सहा महिने लोटल्यावर मंडळीत काय बदलले ते दोनशे शब्दांत लिहून पाठवा. काहीच बदलले नसेल तर तेही लिहा, तेही छापू. मजकुराखाली पाळकाबरोबर कमिटीवर नसलेल्या एका सभासदाची सही हवी. मजकूर दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत कार्यालयात पोचावा.