बेटावर बिऱ्हाड

या पानावर मी वर्षभर जे लिहितो, त्याला आमच्या घरी ‘बाबांचे रडगाणे’ म्हणतात. कधी पाण्याची वेळ, कधी भाजीचा भाव, तर कधी शेजाऱ्यांचा कुत्रा. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांची आज्ञा झाली, “या खेपेस जरा लांबचे काहीतरी लिहा.” आणि योग असा की, यंदा लांबचा विषय आपल्या पायांनी आमच्या घरी चालत आला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमची धाकटी, जावईबापू आणि पाच वर्षांचा नातू जेवायला आले होते. पोळीवर तूप वाढून घेता घेता जावईबापू म्हणाले, “मॉरिशसला नोकरी मिळते आहे. तीन वर्षांचा करार आहे.” सौभाग्यवतींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. त्यांची नजर आधी नातवाकडे गेली. पोराला दमा आहे. पावसाळ्यात दोन-चार रात्री तरी आम्ही सारे त्याच्या उशाशी बसून काढतो.

“बाबा, तुम्ही चौकशी करून सांगा,” धाकटी म्हणाली. “तुम्ही नको म्हणालात, तर आम्ही जाणार नाही.”

वाचकहो, या मुलीने लग्नापासून पडद्यांच्या रंगापर्यंत माझा एकही सल्ला कधी मानला नाही. आणि आता एकदम हे! मला अभिमान वाटायला हवा होता. प्रत्यक्षात पोटात गोळा आला. हो म्हणालो आणि काही बरेवाईट झाले तर? नको म्हणालो आणि मुलांची चांगली संधी माझ्या भित्रेपणापायी गेली तर?

चौकशीला घरापासून सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “शार्क असतात हो तिथे!” त्यांच्या मेहुण्यांनी समुद्री चाच्यांची बातमी पुरवली. समोरच्या नवविवाहितांनी तिथे चार दिवस काढले होते. त्यांच्या मते तो स्वर्गच. चार दिवस हॉटेलात राहणाऱ्याला कुठलेही गाव स्वर्गच वाटते, कारण त्याला तिथे गॅस भरायचा नसतो की पोराला शाळेत सोडायचे नसते. त्यातल्या त्यात शहाणा प्रश्न सौभाग्यवतींनीच विचारला : “चहूबाजूंनी पाणी. वादळ आले, तर माणसाने पळायचे कुठे?”

मॉरिशसमध्ये मराठी माणसे आहेत, ती आजकालची नव्हेत. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून मुंबई बंदरातून जी माणसे तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांचे हे वंशज. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकवले जाते. ओळखीपाळखीतून अशाच एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा पत्ता लागला. फोनवर त्या थोडे मराठी, थोडे हिंदी बोलत. मी म्हणालो, “बाई, मॉरिशस सुरक्षित आहे का?”

“मॉरिशस म्हणजे कुठे?” बाईंनी उलट विचारले.

मी गोंधळलो. मुंबई आणि उपनगरे मिळून जेवढी होतात, त्याच्या जेमतेम तिप्पट ते बेट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. त्यात पुन्हा ‘कुठे’ काय? बाईंनी समजावले. मधल्या पठारावरचे क्यूरपीप गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे पाऊस फार आणि हवा दमट. भिंतींना ओल धरते. तासाभराच्या अंतरावरचा पश्चिम किनारा कोरडा आणि उबदार. “मुलाला दमा आहे ना? मग आधी गाव ठरवा. घर बघायला पावसात जा आणि कपाटामागची भिंत हाताने चाचपून बघा. ऊसतोडणी जूनपासून वर्षअखेरीपर्यंत चालते. जवळच्या शेतात ऊस जाळतात का, तेही विचारा.”

मग मी सौभाग्यवतींचा प्रश्न पुढे केला. बाई हसल्या. “पळायचे नाही. घरात बसायचे. म्हणून घर कसे आहे ते बघायचे.” १९६० च्या फेब्रुवारीअखेर ‘कॅरोल’ नावाच्या चक्रीवादळाने तिथली हजारो पत्र्यांची आणि लाकडी घरे भुईसपाट केली. तेव्हापासून त्या बेटाने सिमेंट-काँक्रीटची कास धरली. वादळाचे दिवस नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. इशारा पायरीपायरीने देण्याची तिथे जुनी पद्धत आहे. पहिल्या पायरीला सामान भरायचे, आणि चौथी म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले. मग उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही.

“मात्र आमच्याकडे वाऱ्यापेक्षा पाण्याला जास्त भ्या,” बाई म्हणाल्या. ३० मार्च २०१३ रोजी राजधानी पोर्ट लुईमध्ये एकाएकी पूर आला आणि अकरा माणसे गेली. त्यांतली काही भुयारी वाटेत आणि तळघरातल्या वाहनतळावर अडकली होती. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ वादळाच्या वेळी त्याच शहरातून मोटारी वाहत गेल्या. माणसे कामावर पोहोचली होती आणि परतायच्या वाटा पाण्याखाली होत्या. तेव्हा जावईबापूंनी कचेरी कुठे आहे, वाटेत नाला किती ठिकाणी लागतो आणि मालक इशारा मिळताच माणसांना वेळेवर घरी सोडतो का, हे पगाराच्या आकड्याइतक्याच बारकाईने विचारायला हवे होते.

शार्कचेही विचारून घेतले. बाईंच्या मते खरी काळजी पायाखालच्या गोष्टींची. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा बांध आहे. त्याच्या आत पाणी शांत असते. बांधाला खिंडार असते तिथे ओढ जबर असते, आणि दक्षिणेला ग्रीग्रीसारख्या ठिकाणी बांधच नाही. तिथे लाटा बघायच्या, पाण्यात उतरायचे नाही. दगडासारखा दिसणारा दगडमासा उथळ पाण्यात पडून असतो आणि त्याचा काटा विषारी असतो. म्हणून पोराच्या पायात जाड तळव्यांचे बूट हवेत. माणसाच्या जिवावर उठेल असा साप जमिनीवर नाही. पण डास आहेत. २००५-०६ साली त्या बाजूच्या बेटांवर चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा उपटला.

“आणि मलेरिया?” मी विचारले.

“तो आमच्याकडचा नाही हो. आम्ही तो घालवला. आता तुमच्यासारख्या देशांतून कोणी आले, की आमचे आरोग्यखाते घरी माणूस पाठवून तापाची विचारपूस करते.”

मी गप्प झालो. ते बेट आपल्यासाठी सुरक्षित आहे का, हे मी महिनाभर विचारत होतो. आपण त्या बेटाला सुरक्षित आहोत का, हे ते बेट केव्हाचे विचारते आहे, याची मला कल्पनाच नव्हती!

तरीही माझ्या तोंडून ‘हो’ निघेना. मे उजाडला. एका संध्याकाळी सौभाग्यवती कोथिंबीर आणायला म्हणून खाली गेल्या. आमच्या गल्लीत कुणीतरी नळासाठी चर खणला होता. ना दिवा, ना फळी, ना पाटी. त्या त्यात पडल्या आणि उजवे मनगट मोडले. चाळीस वर्षे ज्या गल्लीतून त्या डोळे मिटून जात होत्या, त्याच गल्लीत! रात्री प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून त्या म्हणाल्या, “अहो, त्या शार्कचे काय झाले?”

त्या रात्री मला माझी चूक समजली. अनोळखी जागेची भीती मोठी वाटते, कारण ती नवी असते. ओळखीच्या जागेची भीती आपण रोज चहाबरोबर पिऊन टाकतो. गाव सुरक्षित की असुरक्षित, हा प्रश्नच ढोबळ आहे. आपले माणूस सकाळी उठून कुठल्या वाटेने कुठे जाणार, रात्री कुठल्या भिंतीशी झोपणार आणि अडीअडचणीला कोण दार उघडणार, एवढे विचारावे. हे प्रश्न जसे परमुलखाला विचारायचे, तसेच आपल्या गल्लीलाही.

मी धाकटीला ‘हो’ कळवले, पण अटींसह. घर कोरड्या बाजूला, पक्क्या छपराचे आणि नाल्यापासून दूर असावे. सरकारी दवाखाने तिथल्या नागरिकांना फुकट आहेत, पण परक्यांसाठी काय नियम ते आधी लेखी विचारावे. तातडीच्या वैद्यकीय मदतीचा ११४ आणि पोलिसांचा ९९९ हे आकडे दारामागे चिकटवावेत. दम्याचे पंप दोन ठेवावेत, एक घरात आणि एक दप्तरात. आणि शेवटची अट : घरात सामान लावण्याआधी दवाखान्याचा रस्ता एकदा दिवसा आणि एकदा रात्री गाडीने जाऊन घड्याळ लावून बघावा.

“बाबा, हे जरा अतीच होते आहे,” धाकटी म्हणाली. पण या खेपेस तिने ऐकले.

जुलैत ती मंडळी गेली. सप्टेंबरात एका मध्यरात्री पोराचा दम चढला. पंपाने भागेना. जावईबापूंनी गाडी काढली. कुठे वळायचे आणि कुठल्या फाटकाने आत शिरायचे ते पाठ होते. वीस मिनिटांत मूल डॉक्टरांच्या हातात होते. मला हे सारे दुसऱ्या दिवशी दुपारी कळले, कारण ‘बाबा उगाच जागतील’. तेव्हापासून मी उगाच जागतोच. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, एवढा हिशेब आता झोपेतही येतो.

आता त्यांचे वादळाचे दिवस सुरू होतील. धाकटीने परवा फोनवर एक फळी दाखवली : विजेरी, पिण्याच्या पाण्याचे डबे, बिस्किटे, प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे आणि तिसरा पंप. तिच्या शेजारीच दिवाळीच्या पणत्या मांडलेल्या होत्या. दिवाळीची सुट्टी तिकडेही असते म्हणे. नातू मधेच तोंड घालून विचारत होता, “आजोबा, आजीचा हात बरा झाला?”

“झाला रे राजा.”

“आणि तो खड्डा?”

खड्डा अजून आहे. त्यावर मी पुढल्या आठवड्यात याच पानावर लिहिणार आहे. संपादकांनी लांबचे मागितले होते. ते लिहून झाले.